‘भ्रमनिरास’ म्हणजे निराशा नव्हे



गेल्या पावसाळ्याच्या शेवटी, रानात ज्वारी पेरावयाची घाई चालली असता, एका खेड्यातील तरुण मास्तर संध्याकाळच्या वेळी मजकडे आले. हे गृहस्थ आपल्या गावी मुलांचा रात्रीचा वर्ग चालवितात व रविवारच्या उपासनेचे कामही पाहतात. दोन कोस चिखलातून चालून आले होते. पाणी पुढे केले तर तांब्या तसाच ठेवून म्हणाले, “पाळकसाहेब, माझा पुरता भ्रमनिरास झाला आहे. उद्यापासून हे काम माझ्याने होणार नाही. आपण दुसरा कोणी पाहा.”

काय घडले ते त्यांनी सांगितले. ज्या वृद्ध उपदेशकांनी त्यांस लहानपणी अक्षरओळख करून दिली, ज्यांचे पाहून ते स्वतः ह्या कामी आले, त्यांच्या हातून मंडळीच्या सुगीच्या दानात खोट झाली होती. लोक जे धान्य आणून देत, त्यातील काही पायल्या वहीत चढतच नसत. ही गोष्ट एक दोन वर्षांची नव्हती. मास्तरांनी जुन्या वह्या सहज म्हणून चाळल्या आणि त्यांच्या ध्यानात आले. “ज्यांस मी देवमाणूस समजलो ते असे निघाले, तर मग खरे कोण? सगळेच ढोंग!” इतके बोलून ते गप्प राहिले.

मी त्यांस त्या वेळी धीर देण्याचा यत्न केला नाही. एवढेच विचारले, “मास्तर, आपण ‘भ्रमनिरास’ म्हणालात; त्या शब्दाचा अर्थ काय?” त्यांस हा प्रश्न विचित्र वाटला. “अर्थ काय असणार? निराशा झाली, मन मोडले, हाच अर्थ,” ते म्हणाले. त्या रात्री आम्ही दोघे त्या एका शब्दावर पुष्कळ वेळ बोलत बसलो. जे बोलणे झाले त्यात थोडी भर घालून ते वाचकांपुढे ठेवीत आहे. कारण मास्तरांचा प्रसंग एकट्या मास्तरांचा नाही.

प्रथम शब्द पाहू. ‘भ्रमनिरास’ ह्यात दोन शब्द आहेत. पहिला ‘भ्रम’. हा ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ फिरणे असा आहे. भ्रमण, भ्रमर, भ्रमिष्ट हे सारे त्याच कुळातील. लहान मुले अंगणात हात पसरून गरगर फिरतात आणि एकाएकी थांबतात, तेव्हा त्यांस घर फिरते, झाड फिरते, आईसुद्धा फिरताना दिसते. वास्तविक घर जागचे हललेले नसते. फिरणे असते ते पाहणाऱ्याच्या डोक्यात, आणि त्यास ते दिसते बाहेर. भ्रम म्हणतात तो हाच. खोटे बोलणे वेगळे, अज्ञान वेगळे व भ्रम वेगळा. खोटे बोलणाऱ्यास खरे ठाऊक असते. अज्ञानी मनुष्यास आपणास ठाऊक नाही एवढे तरी बहुधा कळते. भ्रमात पडलेल्या मनुष्यास मात्र आपण स्पष्ट पाहत आहो अशी खात्री असते.

दुसरा शब्द ‘निरास’. येथेच आमच्या लोकांची गफलत होते. कानाला हा शब्द ‘निराशा’ ह्यासारखा लागतो, म्हणून दोन्ही एकच असे आपण धरून चालतो. कित्येक जण तर लिहितानाही ‘भ्रमनिराश’ असे लिहितात. परंतु ही दोन वेगळ्या घरची माणसे आहेत. ‘निराशा’ ह्यात ‘आशा’ आहे व ती गेली असे सांगणारा ‘निर्’ तिच्यामागे आहे. ‘निरास’ ह्यात आशेचा संबंध मुळीच नाही. संस्कृतात ‘अस्’ ह्या एका धातूचा अर्थ फेकणे असा आहे. त्याला ‘निर्’ लागला म्हणजे बाहेर फेकणे, घालवून देणे, खोडून काढणे असा अर्थ होतो. जुने शास्त्री वादात प्रतिपक्षाच्या मताचा ‘निरास’ करीत, तो ह्याच अर्थाने. तेव्हा अक्षरशः पाहिले तर भ्रमनिरास म्हणजे भ्रम घराबाहेर टाकणे. घर झाडून केर उकिरड्यावर टाकिला तर घरधनीण रडत बसत नाही. मग भ्रम बाहेर गेला असता आपण का रडतो?

ह्याच शब्दाची एक बहीण आपल्या बोलण्यात नित्य असते. ती म्हणजे ‘शंकानिरसन’. सभेत व्याख्यान संपले म्हणजे अध्यक्ष म्हणतात, “कोणास काही विचारावयाचे असल्यास वक्ते शंकानिरसन करतील.” शंकानिरसन झाले म्हणून कोणी दुःखी झाल्याचे ऐकिवात नाही, उलट मनुष्य हलका होऊन घरी जातो. दोन्ही शब्दांत काम एकच, बाहेर टाकण्याचे. मग एकाने समाधान व दुसऱ्याने दुःख का व्हावे?

विचार केला असता ह्याचे एक कारण दिसते. शंका असलेला मनुष्य दोन गोष्टींमध्ये डोलत असतो. दूर दिसते ते खुंट की माणूस, असे त्यास वाटते व म्हणून तो विचारतो. भ्रम असलेला मनुष्य डोलत नाही. तो ठाम असतो, म्हणून विचारीतही नाही. “माझ्या शंकेचे निरसन करा,” असे म्हणत पुष्कळ लोक पाळकाच्या दारी येतात. “माझ्या भ्रमाचा निरास करा,” असे म्हणत आजवर एकही मनुष्य आला नाही, व येणारही नाही. कारण ज्यास आपला भ्रम भ्रम म्हणून कळला, त्याचा भ्रम तत्क्षणीच गेला. यास्तव शंकानिरसन हे बोलावलेल्या पाहुण्यासारखे येते, आणि भ्रमनिरास हा न बोलाविता, दार न वाजविता, भरल्या ताटावर येऊन उभा राहतो. त्याने दचकावयास होते यात नवल नाही. परंतु दचकणे म्हणजे नुकसान होणे नव्हे.

दुसरे कारण अधिक खोल आहे. ते समजण्यास आपल्या देशातील वेदान्ती पंडितांचे दोन जुने दृष्टान्त उपयोगी पडतात. कीर्तनांतून ते खेडोपाडी सर्वांच्या कानांवरून गेलेले आहेत. एक दोरी व सापाचा. अंधारात वाटेवर दोरी पडलेली असते. मनुष्यास ती साप दिसते, त्याची छाती धडधडते, पाय थिजतात. कोणी दिवा आणतो, दोरी दोरी दिसते, व साप नाहीसा होतो. नाहीसा होतो म्हणणेही चुकीचे. तो तेथे कधी नव्हताच. दुसरा दृष्टान्त शिंपी व रुप्याचा. समुद्राच्या वाळूत शिंपला चकाकतो. जाणाऱ्यास ते रुपे वाटते, तो धावतो, उचलतो, आणि हाती शिंपला येतो. रुपेही तेथे कधी नव्हतेच.

ह्या दोन मनुष्यांत ज्ञानाच्या दृष्टीने काही भेद नाही. दोघांनाही एका वस्तूच्या ठिकाणी दुसरी दिसली. दोघांचाही भ्रम गेला. दोघांनाही आता जे आहे तेच दिसते. तरीपण पहिला हसतो व दुसरा उसासा टाकतो. असे का? पहिल्याच्या भ्रमात भय होते, दुसऱ्याच्या भ्रमात लाभ होता. दुःख निरासाचे नाही. आपण भ्रमाशी जो व्यवहार बांधला होता, त्याचे ते दुःख आहे. शिंपल्याला रुपे समजून त्या मनुष्याने वाटेतच मनात बैल घेतला, सावकाराचे देणे फेडिले, मुलीचे लग्न उरकिले. शिंपला हाती आला तेव्हा हे सारे मोडले. परंतु मोडले ते मनातले; त्याच्या कनवटीची एक पैही गेली नाही.

आता बोलण्यात हा शब्द कसा येतो ते पाहा. दोरी पाहून सुटकेचा श्वास टाकणारा मनुष्य “माझा भ्रमनिरास झाला” असे कधी म्हणत नाही. शिंपला पाहून हिरमुसलेला मात्र म्हणतो. म्हणजे शब्दाच्या अर्ध्या शेतात आपण नांगर घालितो व अर्धे पडीक ठेवितो. ही खोड आमच्याच भाषेची आहे असे नाही. जर्मन भाषेत निराशेला जो रोजचा शब्द आहे, त्याची फोड केली तर ‘फसगत दूर होणे’ असाच अर्थ निघतो. स्पॅनिश भाषेतही फसगत दूर होणे व मन खट्टू होणे ह्या दोहोंस एकच शब्द चालतो. तेव्हा निरनिराळ्या देशांतील माणसांनी आपल्या भाषेत एकच कबुली देऊन ठेविली आहे, ती अशी की आम्हांस सत्य मिळाल्याच्या आनंदापेक्षा गोड खोटे गेल्याचे दुःख अधिक होते.

भाषा लोकांची असते. एका पाळकाने लिहिल्याने तिचा प्रवाह फिरणार नाही, व फिरविण्याचा माझा आग्रहही नाही. परंतु निरनिराळ्या दुःखांस निरनिराळी नावे दिलेली बरी. पाऊस येईल म्हणून वाट पाहिली व तो आला नाही, तर तो अपेक्षाभंग होय. सणाला नवे लुगडे मिळेल म्हणून मुलगी दाराशी बसली व बाप रिकाम्या हाताने बाजारातून आला, तर तो तिचा हिरमोड होय. ह्या दोन्हींत भ्रम कोणता? पाऊस येऊ शकत होता; लुगडे मिळू शकत होते. भ्रमनिरास तेथेच म्हणावा, जेथे जे मानिले होते ते मुळातच खरे नव्हते, व आता ते खरे नव्हते असे कळले. हा भेद मनात धरिला तर पुष्कळ वेळा दुःखाचा अर्धा भार उतरतो.

कोणी म्हणेल की भ्रम हे खेडवळ, न शिकलेल्या लोकांचे दुखणे आहे; शाळा निघाल्या म्हणजे ते जाईल. असे म्हणणे हाच एक भ्रम आहे. ह्यास आपल्याच प्रांतातील एक मोठे उदाहरण देतो. सन १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईस मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनी प्लेगचा रोगी ओळखिला, आणि तेथून ती साथ देशभर पसरली. लोकांची समजूत अशी झाली की इस्पितळात नेतात ते मारावयासच नेतात. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईच्या आर्थर रोड इस्पितळावर जमावाने हल्ला केला. हा दोरीस साप समजण्याचा प्रकार झाला. परंतु शिकलेल्यांचे काय? प्लेगचा सूक्ष्म जंतू हाँगकाँग येथे १८९४ साली सापडला होता. तरी तो मनुष्यास कसा लागतो हे कोणास नीट ठाऊक नव्हते. तो घाणीत, ओलीत, घराच्या जमिनीत व कपड्यालत्त्यात राहतो अशी मोठमोठ्या अधिकाऱ्यांची व वैद्यांची खात्री होती. म्हणून गटारे धुतली, घरांवर औषधी पाण्याचे फवारे मारिले, लोकांचे सामान रस्त्यावर काढून जाळिले. काम प्रामाणिकपणे केले, पैसा पाण्यासारखा ओतिला. पण साथ हटेना. येथे शिंपल्यास रुपे समजणारे लोक विद्वान होते.

सन १८९८ त कराचीस पॉल-लुई सिमाँ नावाच्या एका फ्रेंच वैद्याने प्रयोग करून दाखविले की हा रोग उंदराच्या पिसवेतून पसरतो. त्याचे म्हणणे बहुतेकांनी मानिले नाही. पुढे १९०५ नंतर मुंबईस नेमलेल्या संशोधकांच्या मंडळाने पुन्हा पुन्हा प्रयोग केले, तेव्हा कोठे ते सर्वमान्य झाले. सुमारे दहा वर्षे विद्वानांनी आपला भ्रम उराशी धरिला. इकडे खेड्यांतील पुष्कळ लोकांस, घरात उंदीर मरून पडू लागले की घर सोडून रानात खोपटी घालून राहावे, एवढे अनुभवाने कळले होते. आणि ते बरोबर ठरले. इस्पितळाविषयी लोक चुकले व उंदरांविषयी बरोबर ठरले. जंतूविषयी विद्वान बरोबर होते व पिसवेविषयी चुकले. म्हणून भ्रम अमक्या जातीत, अमक्या गावात किंवा अमक्या इयत्तेखाली असतो असे कोणी समजू नये. ज्यास डोके आहे त्याच्या डोक्यात तो राहू शकतो.

ह्या उदाहरणात आणखी एक गोष्ट शिकण्याजोगी आहे. “घाणीमुळे प्लेग होतो हे खोटे,” एवढेच सिद्ध झाले असते, तर लोकांचा काही लाभ झाला नसता. कदाचित गटारे धुणेही बंद पडले असते व उंदीर वाढले असते. पिसू सापडली तेव्हा निरास पुरा झाला. निरासाचे दोन भाग असतात. खोटे जाणे हा पहिला, व त्या जागी खरे दिसणे हा दुसरा. दोरीचा साप “साप नाही, साप नाही” असे शंभर वेळा ओरडल्याने जात नाही. दिवा आणून दोरी दिसावी लागते. आपल्यापैकी बहुतेक जण पहिल्या भागावरच थांबतात, आणि त्या अर्ध्या निरासास पुरा निरास समजतात. मास्तरांचे हेच झाले होते.

शास्त्र वाचणाऱ्यांस ही गोष्ट नवी नाही. अम्माऊसच्या वाटेवरचे ते दोन शिष्य आठवा. यरुशलेमेपासून ते गाव सुमारे साडेतीन कोस. ज्याजवर आपण भरवसा ठेविला तो राज्य परत मिळवून देईल, अशी त्यांची समजूत होती. त्यास खांबावर मरताना त्यांनी पाहिले, आणि तोंडे उतरवून ते घरची वाट चालत होते. त्यांचा भ्रम फुटला होता. पण निरास अर्धाच झाला होता. पुढे वाटेत जो सोबती मिळाला त्याने त्यांची जुनी समजूत त्यांस परत दिली नाही. ‘तुमचे राज्य येईलच’ अशी गोड भरही घातली नाही. त्यांची समजूतच मुळात कोठे चुकली हे त्याने चालता चालता समजावून दिले, आणि भाकर मोडली तेव्हा त्यांस दिसले. मग तीच साडेतीन कोसांची वाट ते रात्रीच्या रात्री उलट चालून गेले. वाट तीच, पाय तेच. पण अर्धा निरास मनुष्यास घरी नेऊन बसवितो आणि पुरा निरास त्यास पुन्हा कामावर आणितो.

त्याच गुरूने एका रिकाम्या घराचा दाखलाही दिला आहे. भूत निघून गेले, घर झाडून ठेविले, पण आत कोणीच राहावयास आले नाही. तेव्हा ते भूत आपणापेक्षा वाईट असे आणखी सात सोबती घेऊन परत आले. भ्रमाचे असेच आहे. “सगळे उपदेशक साधू,” हा एक भ्रम. तो गेला आणि घर रिकामे राहिले, तर “सगळे उपदेशक चोर,” हा दुसरा भ्रम येऊन बसतो. त्यामागून “प्रार्थना फुकट, शिकणे फुकट, चांगुलपणाच फुकट,” असे त्याचे सोबती येतात. विशेष हे की ह्या दुसऱ्या भ्रमास मनुष्य शहाणपण समजतो. ‘आता माझे डोळे उघडले,’ असे म्हणून तो जन्मभर डोळे मिटून बसतो. एकावरून सगळ्यांस भले म्हणणे जसे चूक, तसे एकावरून सगळ्यांस वाईट म्हणणेही चूक. चुकीची जात एकच आहे; तिने फक्त अंगरखा बदलला.

आता एक गोष्ट स्वतःविषयी सांगणे प्राप्त आहे; ती न सांगता वर लिहिलेले सर्व दुसऱ्यांस उपदेश होईल. पाळकीच्या पहिल्या वर्षांत माझ्या मंडळीतील एका बाईचे मूल आजारी होते. मी प्रार्थना केली व योगायोगाने दोन दिवसांनी मूल उठून खेळू लागले. “पाळकसाहेबांनी हात ठेविला म्हणजे ताप उतरतो,” असे ती बाई शेजारणींस सांगू लागली. ते माझ्या कानी आले. असे नसते, बाई, औषधही द्यावे, असे त्याच वेळी सांगावयास पाहिजे होते. मी सांगितले नाही. मला ते ऐकून बरे वाटले, हे खरे कारण. पुढच्या वर्षी तेच मूल पुन्हा आजारी पडले. बाईने तीन दिवस माझी वाट पाहिली. मी दुसऱ्या गावी होतो. तालुक्याच्या दवाखान्यात नेले तेव्हा उशीर झाला होता. मूल गेले. पुढे तिने मला एकदाच विचारले, “साहेब, तुम्ही असता तर वाचले असते ना?” तेव्हा मी तिला खरे सांगितले. तिचे दुःख त्याने दुप्पट झाले, व त्यातील एक वाटा माझा होता.

तेव्हापासून मी मानीत आलो आहे की भ्रम बाळगणाऱ्यापेक्षा दुसऱ्याचा भ्रम आपल्या सोयीसाठी राहू देणारा अधिक दोषी आहे. दुसऱ्याच्या भ्रमावर आपली पोळी भाजून घेणारे बाजारात, कचेरीत, मठात, मशिदीत व आमच्या मंदिरांतही आहेत. प्रत्येक वेळी ते खोटे बोलतातच असे नाही; पुष्कळदा ते नुसते गप्प राहतात. जो उपदेशक लोकांस आपल्या पाया पडू देतो, जो पंच आपल्या वहीकडे कोणी पाहत नाही म्हणून सुखावतो, जो बाप मुलांस ‘मी कधी चुकत नाही’ असे भासवितो, त्या प्रत्येकाने एक दिवस फुटणारे मडके आज चुलीवर चढवून ठेविले आहे. आपणाविषयीचा भ्रम दुसऱ्याने फोडण्यापूर्वी आपणच हळूच दूर करावा, हे प्रामाणिकपणाचे पहिले लक्षण होय.

मग दुसऱ्याचा भ्रम दिसला तर काय करावे? सत्य आहे म्हणून काठी घेऊन धावावे काय? दोरीस साप समजून थरथरणाऱ्या मनुष्यास “मूर्खा, दोरी आहे!” असे हिणविले तर तो दोरीकडे न पाहता आपणाकडे रागाने पाहील. त्याच्या हाती दिवा द्यावा व आपण जवळ उभे राहावे. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ लोकांच्या घरी वृद्ध आईबाप आहेत, ज्यांच्या समजुती जुन्या आहेत. त्यांची थट्टा करणारा नातू स्वतःस सुधारलेला समजतो. पण थट्टेने आजवर कोणाचा भ्रम गेलेला नाही. देवीच्या साथीची गोष्ट पाहा. हिंदुस्थानात देवीची लस प्रथम १४ जून १८०२ रोजी मुंबईस ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस टोचिली. आणि देशातील शेवटचा रोगी १९७५ साली दिसला. पावणेदोनशे वर्षांच्या आसपास हे काम चालले. लोकांच्या मनातील भीती कायद्याच्या धाकाने फारशी गेली नाही. शेजारच्या घरातील टोचलेली मुले साथीत जगली, हे डोळ्यांनी पाहिले तेव्हा ती गेली. जगलेले मूल हा दिवा होय.

भ्रम दूर करणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या भाषेत ‘भ्रमाचा भोपळा फुटला’ असे म्हणतात. हे ऐकले की मला विहिरीवर पोहावयास शिकणारी मुले आठवतात. त्यांच्या पाठीस सुका भोपळा बांधलेला असतो. तो जन्मभर बांधून कोणी पोहत नाही. पण हात मारावयास शिकविण्यापूर्वी तो मध्येच सोडून घेतला तर मूल बुडते. ज्यास आपण खऱ्या आधाराचे काही देऊ शकत नाही, त्याचा खोटा आधार गंमत म्हणून काढून घेण्याचा आपणांस अधिकार नाही. मात्र ज्यास पोहता येऊ लागले त्याच्या पाठीस भोपळा बांधून ठेवणे, म्हणजे त्याने सदा आपल्यापाशीच यावे, हेही पाप आहे. दोहोंचा विवेक प्रेम असल्यास सुचतो. प्रेम नसल्यास पुस्तके वाचून सुचत नाही.

आता मास्तरांकडे परत येतो. त्या रात्री मी त्यांस म्हणालो, “आपला जो भ्रम गेला तो एका वाक्यात सांगा.” पुष्कळ विचार करून ते म्हणाले, “जो प्रार्थना चांगली करतो तो चोरी करीत नाही, असे मी समजत होतो.” मी विचारले, “ही गोष्ट कधी खरी होती काय?” ते म्हणाले, “नाही.” “मग आपले काय गेले?” त्यावर ते बोलले नाहीत. थोड्या वेळाने मी पुन्हा विचारले, “त्या वृद्धांनी आपणांस जी अक्षरे शिकविली, ती खोटी निघाली काय?” तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, आणि ठेविलेला तांब्या उचलून ते पाणी प्याले.

त्यांनी काम सोडिले नाही. पण हे एवढ्यावर गोड करून संपविणे बरोबर होणार नाही. ते आधी एकटे त्या वृद्धांकडे गेले व वही पुढे ठेविली. वृद्ध रागावले, मग रडले, मग त्यांनी कबूल केले. घरी सून आजारी होती, तेव्हा पहिली पायली घेतली, आणि कोणी विचारिले नाही म्हणून पुढे घेतच गेले. गोष्ट पंचांपुढे गेली. त्यांनी काही धान्य परत केले. सारे करण्याची त्यांची ऐपत नव्हती. कित्येक लोक अजून त्यांच्याशी बोलत नाहीत, व त्यात त्या लोकांची सर्व चूक आहे असे मी म्हणणार नाही. मास्तरांच्या मनातही त्यांच्याविषयी पूर्वीची भक्ती राहिलेली नाही. परंतु दर शनिवारी ते त्यांच्या घरी जातात, आणि डोळ्यांनी कमी दिसते म्हणून त्यांस अध्याय वाचून दाखवितात. आणि आता त्या गावी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सुगीच्या दानाचा हिशेब सर्वांपुढे मोठ्याने वाचला जातो. आपली स्वतःची वहीही मास्तर इतरांकडून तपासून घेतात. “माझ्याविषयी कोणास भ्रम नको,” असे ते म्हणतात.

वाचकहो, आपणांपैकी कोणाचा असा प्रसंग आजच आला असेल. कोणावर ठेविलेला विश्वास चुकला असेल, अथवा लहानपणापासून धरलेली एखादी समजूत हातातून निसटली असेल. आपले दुःख खरे आहे. ते लपवू नये. परंतु त्यास नाव देताना जपावे. ‘निराशा झाली’ असे म्हणण्यापूर्वी स्वतःस दोन प्रश्न विचारावे. जे गेले ते मुळात होते काय? आणि ते गेल्यावर त्या जागी आता मला काय दिसते? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळत नसेल तर निरास अजून अर्धाच झाला आहे. अशा वेळी वाट सोडू नये. कोणास सोबत घेऊन आणखी थोडे चालावे, आणि दिवा हाती येईपर्यंत दोरीवर काठी मारू नये.